‘क्येमेन’पासून ‘गेशेमा’पर्यंत

तिबेटी भाषेत स्त्रीला ‘क्येमेन’ म्हणतात आणि या शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ ‘हीन जन्म’ असा निघतो. ज्या समाजाच्या भाषेनेच स्त्रीची पायरी अशी ठरवून टाकली होती, त्याच समाजातील स्त्रियांनी १९५९ नंतर, देश हातचा गेला असताना, शाळा उभारल्या, दवाखाने चालवले, तुरुंग भोगले आणि पुढच्या पिढीला तिची भाषा दिली. तरीही तिबेटचा प्रश्न म्हटला की दलाई लामा आणि लाल वस्त्रांतील भिक्षू एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या चित्राच्या कडेला, पाठीवर मूल बांधून उभी असलेली बाई सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या तिबेटचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. घरचा कारभार, गुरेढोरे, दूधलोणी आणि पुष्कळदा व्यापारही बायकांच्या हाती असे, त्यांना पडद्यात राहावे लागत नसे, विधवेच्या पुनर्विवाहाला अडचण नसे आणि जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून काही भागांत सख्ख्या भावांची मिळून एकच पत्नी असण्याची चालही होती. शेजारच्या देशांतील स्त्रियांशी तुलना करता हे स्वातंत्र्य लहान नव्हते. पण ल्हासाच्या शासनव्यवस्थेत स्त्रीला पद नव्हते आणि भिक्षुणींचे विहार बहुधा लहान नि गरीब असत, जिथे पाठांतर आणि पूजाविधी शिकवले जात, बौद्ध तत्त्वज्ञानाचे सखोल अध्ययन नव्हे. चीनच्या सरकारने पुढे ‘आम्ही तिबेटी जनतेला गुलामीतून मुक्त केले’ असा दावा केला आणि त्यात स्त्रियांच्या मुक्तीचाही उल्लेख असे. या दाव्याची परीक्षा तिबेटी स्त्रियांच्या पुढच्या अनुभवावरूनच करावी लागते.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने पूर्व तिबेटमधील चामदो घेतले आणि मे १९५१ मध्ये तिबेटी प्रतिनिधींना सतरा कलमी करारावर सह्या कराव्या लागल्या. खाम आणि आम्दो या पूर्वेकडील प्रांतांत १९५६ च्या सुमारास सक्तीच्या जमीन-सुधारणांविरुद्ध उठाव पेटला आणि त्याची धग मार्च १९५९ मध्ये ल्हासापर्यंत येऊन पोहोचली. १० मार्चला नोरबुलिंगका या उन्हाळी राजवाड्याभोवती, दलाई लामांना चिनी छावणीत जाऊ द्यायचे नाही म्हणून, लोकांचा वेढा पडला; दोनच दिवसांनी, १२ मार्चला, पोताला राजवाड्यासमोर हजारो स्त्रिया जमल्या आणि त्यांनी चिनी सत्तेविरुद्ध उघड निदर्शने केली. त्यांच्या पुढारी पामो कुसांग यांना नंतर कैदेत टाकून ठार करण्यात आले. निर्वासित तिबेटी आजही १२ मार्च हा दिवस ‘तिबेटी महिला उठाव दिन’ म्हणून पाळतात. तिबेटी स्त्रिया राजकीय मागणीसाठी स्त्रिया म्हणून इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या, त्या त्या दिवशीच.

खाममधल्या स्त्रियांच्या वाट्याला निदर्शनांहून अवघड काम आले. गोंजो भागातील सरदाराची मुलगी असलेल्या आनी पाचेन (‘आनी’ म्हणजे भिक्षुणी) यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर घोड्यावर बसून आपल्या माणसांचे नेतृत्व केले, त्या पकडल्या गेल्या आणि एकवीस वर्षे तुरुंगात राहिल्या. न्यारोंगच्या आधे तापोंत्सांग यांना १९५८ मध्ये, लहान मुलांसमोर, अटक झाली; आईच्या मागे वेडापिसा झालेला त्यांचा मुलगा पुढे नदीत पडून मेला आणि स्वतः आधे तब्बल सत्तावीस वर्षांनी, १९८५ मध्ये सुटल्या. या काळात ‘थामझिंग’ नावाच्या सभा होत असत. आरोपीला गुडघ्यांवर बसवायचे आणि त्याच्याच शेजाऱ्यांना, नोकरांना, कधी पोटच्या मुलांनाही पुढे करून आरोप करायला, थुंकायला, मारायला लावायचे, असे त्यांचे स्वरूप होते. या सभांनी शरीरापेक्षा माणसामाणसांतला विश्वास अधिक मोडला. आधे १९८७ मध्ये भारतात आल्या आणि २०२० मध्ये धरमशाला येथे वारल्या. आपली हकिकत त्या आयुष्यभर सांगत राहिल्या, कारण सोबतच्या मेलेल्या बायकांच्या वतीने बोलणारे दुसरे कुणी उरले नव्हते.

१९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत विहार पाडले गेले, भिक्षुणींना वस्त्रे उतरवायला लावली गेली. पुढे १९८० च्या दशकात बंधने थोडी सैल होताच खेड्यापाड्यांतील बायकांनी पडक्या भिंतींचे दगड उचलून विहार पुन्हा बांधायला घेतले आणि १९८७ पासून ल्हासाच्या रस्त्यांवर जी छोटी छोटी निदर्शने होऊ लागली, त्यांत भिक्षुणींचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. भिक्षुणीला नवरा नाही, मूल नाही, तिच्या अटकेने संसार उघडा पडत नाही, असे याचे कारण सांगितले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही, कारण त्यांतल्या पुष्कळजणी वयाने जेमतेम पोरी होत्या. ङावांग सांगद्रोल यांना १९९० मध्ये पहिली अटक झाली तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. १९९३ मध्ये ल्हासाजवळच्या द्रापची तुरुंगातील चौदा भिक्षुणींनी, त्यांत सांगद्रोलही होत्या, आत चोरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आपली गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती फीत बाहेर पोहोचवली. घरच्यांची आठवण, देशाची आठवण, आम्ही मोडलेलो नाही हा निरोप, एवढाच त्या गाण्यांचा विषय. त्यासाठी प्रत्येकीची शिक्षा पाच ते नऊ वर्षांनी वाढली. सांगद्रोल यांची एकूण शिक्षा अशी वाढत वाढत वीस वर्षांच्या वर गेली आणि आंतरराष्ट्रीय दबावानंतर २००२ मध्ये त्यांची सुटका झाली. मे १९९८ मध्ये द्रापचीत कैद्यांनी केलेल्या निषेधानंतर जी मारझोड झाली, तिच्यानंतर काही आठवड्यांतच पाच भिक्षुणी कैदेत मरण पावल्या.

सीमेच्या अलीकडची कहाणी दगडांपासून सुरू होते. भारतात आश्रय घेतलेल्या दलाई लामांच्या पाठोपाठ आलेल्या हजारो निर्वासितांना भारत सरकारने हिमालयातील रस्त्यांच्या कामावर लावले. थंड, कोरड्या पठारावर वाढलेली ही माणसे पावसात आणि उकाड्यात तंबूत राहू लागली. बायका मुलांना पाठीशी बांधून किंवा रस्त्याच्या कडेला ठेवून खडी फोडत आणि दरडी, सुरुंग, क्षय व हगवण यांत पोरे दगावत. या छावण्यांतून १७ मे १९६० रोजी ५१ आजारी, कुपोषित मुले धरमशालेला आणली गेली, तेव्हा दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ स्वतःकडे घेतला. १९६४ मध्ये त्या वारल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतले आणि २००६ पर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, चालवले. आज ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत मुले वसतिगृहाच्या रांगांत राहत नाहीत. लहानमोठ्या वयाची वीस-तीस मुले एका घरात राहतात, त्या घराची एक ‘आमा-ला’ असते (‘आमा’ म्हणजे आई आणि ‘ला’ हा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘आईसाहेब’मधल्या ‘साहेब’सारखा), आणि थोरली मुले धाकट्यांची वेणीफणी करतात. पुढे तिबेटमधलेच आईबाप आपली लेकरे वाटाड्यांच्या हाती सोपवून रात्रीच्या अंधारात बर्फाळ खिंडींतून या शाळांकडे पाठवू लागले, मूल पुन्हा दिसेल याची खात्री नसतानाही. अशाच एका तांड्यावर ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला खिंडीत चिनी सीमारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि केलसांग नामत्सो ही सतरा वर्षांची भिक्षुणी बर्फात कोसळून मेली. परदेशी गिर्यारोहकांच्या कॅमेऱ्यात ते टिपले गेले, म्हणून जगाला कळले.

संस्था उभारण्याचे असेच काम मसुरीत रिनचेन डोल्मा तारिंग यांनी अनाथ मुलांसाठी घरे काढून केले. ल्हासाच्या उमराव घराण्यातील या बाई आपली मुले मागे सोडून सीमा ओलांडून आल्या होत्या. लोबसांग डोल्मा खांगकार यांचे उदाहरण याहून बोलके आहे. वैद्यांच्या परंपरेत जन्मलेल्या, वडिलांकडून नाडीपरीक्षा शिकलेल्या या बाईंनी भारतात आल्यावर आधी रस्त्यावर मजुरी केली आणि नंतर, १९७० च्या दशकात, त्या धरमशालेच्या ‘मेन-त्सी-खांग’ या तिबेटी वैद्यक संस्थेच्या मुख्य वैद्य झाल्या. तिबेटी वैद्य नाडी तपासताना रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवतो आणि त्यांच्या टोकांनी वेगवेगळ्या अवयवांची अवस्था ओळखतो. हे अंगी येण्यासाठी बोटे फार हळवी असावी लागतात. अशाच बोटांनी खडी उचलण्याची पाळी त्यांच्यावर आली होती.

परागंदा झाल्याने स्त्रियांना काही गोष्टी मिळाल्या, हे म्हणणे क्रूर वाटेल, पण ते टाळता येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिबेटमधून ज्या भिक्षुणी भारतात पोहोचल्या, त्यांतील अनेकींना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. १९८४ मध्ये भारतात नव्याने उभ्या राहिलेल्या तिबेटी महिला संघटनेने त्यांची जबाबदारी घेतली आणि संघटनेच्या अध्यक्ष रिनचेन खांडो यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये भिक्षुणींच्या शिक्षणाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. त्यातून धरमशालेजवळ डोल्मा लिंग हा विहार उभा राहिला, ज्याच्या बांधकामावर भिक्षुणींनी स्वतः घमेली वाहिली. इथे अक्षरओळखीपासून सुरुवात करून त्यांना वादविद्येपर्यंत नेण्यात आले. तिबेटी विद्याभ्यासात वाद हा केंद्रस्थानी असतो: उत्तर देणारी खाली बसते, प्रश्न करणारी उभी राहते आणि प्रश्न टाकताना डावा पाय जोराने आपटून उजवा तळहात डाव्यावर मारते, जणू काही वाक्य टाळीनेच पूर्ण होते. शतकानुशतके हे अंगण भिक्षूंचे होते. संकोचाने मान खाली घालणाऱ्या मुलींना आधी पाय आपटायला शिकवावे लागले.

या अभ्यासाच्या शेवटी भिक्षूला ‘गेशे’ ही पदवी मिळते, जी साधारणपणे तत्त्वज्ञानातील विद्यावाचस्पतीच्या तोडीची मानली जाते. भिक्षुणींना ती मिळण्यात एक शास्त्रीय अडचण होती: पदवीसाठी विनय, म्हणजे संघाच्या नियमांचे शास्त्र, पूर्ण शिकावे लागे आणि ते शिकण्याचा अधिकार पूर्ण उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, झालेल्यांनाच होता; तिबेटी परंपरेत भिक्षुणींची पूर्ण उपसंपदा चालत आलेलीच नव्हती, त्यामुळे त्या आयुष्यभर श्रामणेरी, म्हणजे प्राथमिक दीक्षेच्या पायरीवर, राहत. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर २०१२ मध्ये वाट मोकळी करण्यात आली, सतरा वर्षांच्या अभ्यासानंतर चार वर्षे चालणारी परीक्षा ठरली आणि डिसेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातील मुंडगोड येथे दलाई लामांच्या हस्ते वीस भिक्षुणी ‘गेशेमा’ झाल्या. पूर्ण उपसंपदेचा प्रश्न मात्र तिबेटी संघात अजून सुटलेला नाही. शेजारच्या भूतानने २०२२ मध्ये १४४ भिक्षुणींना ती दिली. धर्मसुधारणेत तिबेटी विजनवासी संघाची पावले अशी सावध, आणि स्पष्टच बोलायचे तर, गरजेपेक्षा संथ आहेत.

सीमेपलीकडे आता लढाईचे क्षेत्र बदलले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये चिंता व्यक्त केली, की सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेमुळे कुटुंबापासून दूर राहत असून त्यांचे शिक्षण मुख्यतः चिनी भाषेत होते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाशी आजीला बोलता येईना, अशी वेळ येते. ज्या समाजात भाषा आईच्या चुलीपाशी शिकली जाई, तिथे याचा घाव कुठे बसतो हे सांगायला नको. या परिस्थितीत लिहीत राहिलेल्या लेखिकांपैकी त्सेरिंग वोएसेर सर्वांत परिचित. १९६६ मध्ये ल्हासात जन्मलेल्या, चिनी सैन्यातील अधिकाऱ्याच्या या मुलीचे सारे शिक्षण चिनीत झाले, त्यामुळे त्या चिनीतच लिहितात. त्यांच्या वडिलांनी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ल्हासात काढलेली छायाचित्रे त्यांनी पुढे पुस्तकरूपाने तैवानमध्ये प्रसिद्ध केली आणि थामझिंग सभांचा दृश्य पुरावा जगासमोर आला. पारपत्र न मिळाल्याने परदेशी दिलेले सन्मान स्वीकारायला त्यांना जाता आले नाही.

मराठी वाचकाला तिबेटी स्त्री भेटते ती बहुधा नोव्हेंबरात. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत फुटपाथवर किंवा मैदानावर लागणाऱ्या स्वेटरच्या रांगांत, लुधियानाच्या ठोक बाजारातून उधारीवर आणलेला माल मांडून बसलेल्या बायकांपैकी थोरल्यांच्या कमरेला रंगीत पट्ट्यांचे एक वस्त्र दिसते. त्याला ‘पांगदेन’ म्हणतात आणि ते विवाहित स्त्रीचे लक्षण आहे. अरुंद मागावर विणलेल्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून ते बनते आणि जोडावर रंगांच्या रेघा एकमेकींशी मुद्दामच जुळवत नाहीत. हा धंदा दोन-तीन महिन्यांचा. त्याच्या कमाईवर वर्षभराचे शिक्षण, औषधपाणी आणि कर्जफेड निघते. यांतल्या काहींचे घर दूर हिमाचलात नसून महाराष्ट्रातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील (तेव्हाच्या भंडाऱ्यातील) अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ मध्ये नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत वसली आणि तिथे तिसरी पिढी धानाच्या बांध्यांशेजारी वाढते आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक असते, हे नामग्याल डोलकर या कांगडा जिल्ह्यात जन्मलेल्या तिबेटी तरुणीने, पारपत्र नाकारले गेल्यावर, दिल्ली उच्च न्यायालयाकडून डिसेंबर २०१० मध्ये मान्य करून घेतले. त्या तारखेनंतर निर्वासित आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांना हा नियम लागू नाही. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र बाळगावे लागते आणि ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. नागपूरच्या बाजारात स्वेटर विकणारी, गोंदियात जन्मलेली पंचविशीतली तिबेटी मुलगी आजही सरकारी कागदोपत्री परदेशी असू शकते.