वरची दाढ दुखते, पण दोष दाढेचाच का?

सर्दी झाली की वरच्या दाढा ठणकू लागतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. ‘डॉक्टर, दाढ काढूनच टाका,’ असा आग्रह मग होतो. अशा रुग्णाला मी आधी खाली वाकायला सांगतो. त्याचे कारण वरच्या जबड्याच्या रचनेत आहे.

वरचा जबडा दोन हाडांचा. ती टाळूच्या मध्यरेषेवर जुळतात. प्रत्येक हाड वर डोळ्याच्या खोबणीचा तळ, आत नाकाची भिंत आणि खाली टाळू व दातांची बैठक बनते. गालाच्या आत मात्र हे हाड पोकळ असते. या पोकळीला सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तीत साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. तिचे तोंड नाकात उघडते. पण तळाशी नव्हे, बरेच वर. सर्दीने सूज आली की ते बंद होते आणि स्राव आत साचतो.

दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला अगदी खेटून असतात. काहींमध्ये तर मधे हाडाचा कागदासारखा पातळ पापुद्राच असतो. शिवाय दाढा आणि सायनस यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखा वाहून नेतात. म्हणून दुखणे सायनसचे असते आणि बळी दाढेचा जातो.

वाकल्यावर गाल जड होऊन दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, तर सायनसचा संशय घ्यावा. एकच दाढ गार-गरमाने झोंबत असेल किंवा चावताना कळ येत असेल, तर दोष बहुधा दाढेचा. उलटही घडते : किडक्या दाढेचा पू सायनसमध्ये शिरतो आणि एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येते. एक्स-रे काढल्याशिवाय दाढ काढू नये. दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले, तर नाक शिंकरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गाल बधिर होणे, दात विनाकारण हलणे, टाळूवर न भरणारी जखम, एका नाकपुडीतून रक्त, ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. खर्रा खाणाऱ्यांनी विशेष जपावे. मधुमेहींनी टाळूवर काळा डाग दिसताच धावावे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला.

सावंगी (मेघे) येथे १९९१ मध्ये स्थापन झालेले शरद पवार दंत महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय एकाच परिसरात आहेत. दात आणि नाक दोन्ही तिथे तपासून घेता येतात. दाढ काढण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.