चाळ सोडताना बरोबर काय न्यायचं?

आज ज्या बदलाविषयी आपण बोलणार आहोत, तो आपल्यातल्या कित्येकांच्या उंबऱ्यापर्यंत आलाय. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून तिथं टॉवर उभे राहताहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतलं कुटुंब ५०० चौरस फुटांच्या घरात जातंय. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्याही मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभं राहिलेल्या माणसाला चाळीचं कौतुक ऐकवायला आपण जाऊ नये.

तरीही जुनी खोली सोडताना माणसं रडतात. का रडतात, ते समजून घेऊ.

बीडीडी चाळीचा एक मजला म्हणजे मधे लांबलचक सामाईक बोळ आणि दोन्ही बाजूंना मिळून २० खोल्या. पाणी भरायला, वाळत घालायला, नुसती हवा खायलाही माणूस त्या बोळात येणार. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा गाठ पडायची, तीही न ठरवता. आपण म्हणतो, चाळीतली माणसं प्रेमळ होती. होती, पण भांडकुदळही होती की! खरं काम तो बोळ करत होता. मैत्री टिकवायचे कष्ट आपल्याला कधी वेगळे घ्यावेच लागले नाहीत. टॉवरमध्ये लिफ्टचं दार उघडतं, घराचं दार बंद होतं, आणि तोच शेजारी दोन-दोन आठवडे दिसत नाही. कुणी बदललेलं नसतं, फक्त बोळ गेलेला असतो.

आपल्या आधीच्या पिढीला हे कळलेलं होतं. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले पुरुष बायकामुलं गावी ठेवून एकेका गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकायची. जेवण खानावळीत. इतक्या ओढाताणीतही त्यांनी गावाच्या नावानं मंडळं काढली, भजनाच्या बाऱ्या लावल्या, नाटकं बसवली. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, ते याच वस्तीत उगाच उभं राहिलं नाही. आठवड्याचा वार ठरलेला असायचा आणि जो येणार नाही त्याची चौकशी व्हायची. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. पुष्कळजण गावी परतले, संसार विस्कटले. भजनानं पोट भरत नाही, हे आपण स्पष्ट बोलू. पण गावी गेलेल्याला मुंबईची खबर आणि मुंबईत राहिलेल्याला कुठं काम निघालंय याचा सुगावा लागायचा तो याच ओळखीपाळखीतून.

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, पखवाज वाजवतात. नव्या घरात आले आणि पखवाज कपाटावर गेला. खाली आवाज जाईल, ही सुनेची काळजी. तीही चुकीची नव्हे. चार महिन्यांनी आजोबांचं बोलणंच कमी झालं. घरच्यांना वाटलं, वय झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "धुमाला लावायला थोडी कणीक देता का?" सुनेनं दिली. त्या दिवशी पाचच मिनिटं वाजलं. नंतर तिनंच सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सोमवारी संध्याकाळी सात ते साडेआठ खालचा हॉल मागून घेतला. पहिल्या सोमवारी तिघे आले. त्यातला एक त्यांच्याच जुन्या बोळातला, आता दुसऱ्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहणारा.

तर खोली रिकामी करण्याआधी, सामान बांधायच्या गडबडीत, एक वही काढा. बोळातल्या वीसही घरांचे नंबर लिहून घ्या, मुलांचे नव्हे, म्हाताऱ्यांचेही. कुणाला कुठली इमारत, कितवा मजला, तेही टिपा. कॅरमबोर्ड कुणाच्या घरी जाणार, टाळ कुणाकडे राहणार, हे आत्ताच ठरवा. पुढे नेमकं तेच हरवतं. "येत जा हं" असं म्हणून निघू नका. वार सांगा, वेळ सांगा. आणि भांडण अर्धवट राहिलं असेल एखाद्या घराशी, तर त्यांचाही नंबर वहीत असू द्या.