रॉड बांधताय? आधी कड्या बघा!

स्वतःचा फ्लाय रॉड बांधायचाय? मग सगळं बजेट ब्लँकवर, म्हणजे कोऱ्या काठीवरच उडवू नका. खरी गंमत कड्यांची, अर्थात गाइड्सची! हिमाचलच्या तीर्थन नदीतल्या ट्राउटला चालेल असा ९ फुटी रॉड घ्या. हिशोब सोपा: जितके फूट तितक्या कड्या, वर एखादी जास्त. मुठीजवळ सिरॅमिक रिंगवाली, पुढे हलक्या तारेच्या. दोन पायांची स्नेक गाइड दणकट. एका पायाच्या कडीला दोरा नि इपॉक्सी कमी, म्हणून ती हलकी. टोकाकडचं जरासं जादा वजनही रॉडला सुस्त करतं. म्हणून कड्या आधी टेपनं चिकटवा, दोरी ओवा, रॉड वाकवा. दोरीनं रॉडचा बाक धरला, की मगच दोरा गुंडाळा. इपॉक्सी सुकल्यावर कडी हलवायची, तर सगळं कापावं लागतं, बॉस!