चूल मोजतात, खटलं नाही

सेनगाव तालुक्यात कुटुंबाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: पूर्वी खटल्याची घरं होती, आता सगळे वेगळे निघाले. पुरावा म्हणून जनगणनेकडे बोट दाखवलं जातं. देशात २००१ साली एका घरात सरासरी ५.३ माणसं होती, २०११ साली ४.९ राहिली, महाराष्ट्रात तर हा आकडा त्याहून कमी. आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, कारण जनगणना ज्याला कुटुंब म्हणते ते आपल्या बोलण्यातलं कुटुंब नव्हेच. एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे जनगणनेचं एक कुटुंब. एकाच पत्र्याखाली दोन भावांच्या दोन चुली पेटत असतील तर ती दोन कुटुंबं, मग सातबारा अजून बापाच्याच नावावर का असेना. उलट घरातच राहणारा, जेवणारा सालगडी नात्यातला नसला तरी त्याच कुटुंबात धरला जातो. वसतिगृहासारख्या ठिकाणी एका स्वयंपाकघरात जेवणारी परकी माणसं संस्थात्मक कुटुंब ठरतात, आणि उघड्यावर राहणाऱ्यांची नोंद बेघर कुटुंब म्हणून वेगळी होते. ‘तुमचं कुटुंब एकत्र की विभक्त’ असा प्रश्न प्रगणक विचारतच नाही. कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचं नातं काय, ते तो लिहून घेतो.

मग माणसं कमी का झाली? मुख्य कारण भावाभावांच्या वाटण्या नसून पाळणे कमी होणं हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका बाईला सरासरी २.९ मुलं होत, २०१९-२१ मध्ये १.७. आता साधा हिशेब करा. नवरा-बायको आणि पाच लेकरं हे सात माणसांचं घर विभक्तच होतं. नवरा-बायको, दोन लेकरं आणि म्हातारे आई-वडील हे सहा माणसांचं घर एकत्र आहे. म्हणजे आजचं एकत्र घर कालच्या विभक्त घरापेक्षा लहान असू शकतं. घरातली डोकी मोजून घराचा प्रकार कळत नाही. दुसरी बाजू आयुष्याची. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता हे खरं, पण आजोबांनी नातवाला खांद्यावर घ्यावं इतकं जगणंही तेव्हा सर्रास नव्हतं. तीन पिढ्या एका ओसरीवर बसलेलं जे चित्र आपण जुन्या काळाचं मानतो, त्याला लागणारी म्हातारी माणसं आजच जास्त आहेत.

हा नुसता तर्क नाही. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने १८१९ च्या सुमारास केली होती. पॉलिन कोलेंडा या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी आणि त्याच गावातल्या १९५८ व १९६७ च्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. ‘तेव्हा सगळी एकत्र, आता सगळी विभक्त’ अशी सरळ उतरण त्यात दिसली नाही. लहान घरं पेशवाई संपली तेव्हाही होतीच. मोठा वाडा आणि मोठा बारदाना असलेली घरं लक्षात राहिली, कुडाच्या झोपडीत दोन लेकरांसह राहणारा मजूर कोणाच्या आठवणीत राहिला नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत देशातल्या सुमारे ७० टक्के घरांत एकच विवाहित जोडपं आढळलं. हा विभक्तपणाचा पुरावा नव्हे काय? काही अंशी आहे, आणि वेगळं निघणं खोटं आहे असं माझं म्हणणंही नाही. खातेफोड होते, जमिनीचे तुकडे पडतात, चुली वाढतात. पण एका जोडप्याच्या घरात विधवा आई किंवा लग्नाची बहीण असू शकते, हे त्या ७० टक्क्यांत दिसत नाही. शिवाय आज ज्याच्या घरात एकच जोडपं आहे, त्याच्याच घरात मुलाचं लग्न झालं की दोन होतात आणि काही वर्षांनी धाकटा वेगळा निघाला की पुन्हा घडी बदलते. ते एकाच घराचं वेगवेगळं वय असतं.

सरकारी कागदही एकमेकांशी जुळत नाहीत. पीएम किसानच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. त्यामुळे एका चुलीवर जेवणारे दोन विवाहित भाऊ तिथे दोन कुटुंबं होतात. अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, धान्य ३५ किलोच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील बाई प्रमुख ठरवली, तर जनगणनेत घरचे ज्याला प्रमुख म्हणतील तो प्रमुख. आजी एका कागदावर कुटुंबप्रमुख आणि दुसऱ्यावर कुटुंबप्रमुखाची बायको असते. म्हणून वेगळं कार्ड काढलं की घर फुटलं, असं समजणं घाईचं आहे.

सेनगावसारख्या भागात तर घराचा प्रकार महिन्यागणिक बदलतो. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली नातवंडं राहतात. २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन हंगामात. गणनेच्या काळात जो एकदाही घरी आला नाही, त्याची नोंद त्या घरात होत नाही. तो जिथे असेल तिथे होते. त्यामुळे एकाच खटल्याची दोन अर्धी घरं कागदावर येतात: इथे आजी-आजोबा नि नातवंडं, आणि तिकडे कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीत एक सुटं जोडपं. उन्हाळ्यात बैलगाडी परत आली की तीच माणसं पुन्हा एका चुलीवर जेवतात. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. गणना पुन्हा फेब्रुवारीतच, कारखान्यांची धुराडी पेटलेली असतानाच होणार आहे.