‘डिमिट’ : पद सोडलं, की सोडायला लावलं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की न्यायमूर्ती निवृत्त होताना आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘डिमिट ऑफिस’ असं का लिहितात. ‘रिटायर’ काय वाईट आहे? प्रश्न छोटा वाटला, पण आम्ही घरी जाऊन शब्दकोश उघडला आणि संध्याकाळ त्यातच गेली.

‘डिमिट’ म्हणजे पद सोडणं. भारतीय इंग्रजीत हा शब्द सहज भेटतो, इंग्लंडात क्वचितच. स्कॉटलंडमध्ये मात्र तो टिकून आहे. तिथल्या चर्चचा धर्मोपदेशक आपली जागा ‘डिमिट’ करतो.

मूळ लॅटिन. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं. मिशन, ॲडमिट, कमिटी ही सगळी त्याचीच प्रजा. आपली परमिट रूमसुद्धा! त्याला ‘दूर’ अर्थाचा उपसर्ग लागून ‘दिमित्तेरे’ झालं, म्हणजे दूर पाठवणं, जाऊ देणं. ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘डिमिट’ होऊन आलं. फ्रेंचमध्ये राजीनाम्याला आजही ‘देमिस्याँ’च म्हणतात. आता गंमत बघा. याच ‘दिमित्तेरे’पासून ‘डिसमिस’ही निघाला. म्हणजे स्वतः पद सोडणं आणि पदावरून हाकललं जाणं, दोन्ही एकाच धातूच्या पोटातून आलेली. फरक एवढाच, की क्रियापदाचा कर्ता कोण.

आणि हा कर्ता नेहमी स्पष्ट असतोच असं नाही. स्कॉटलंडची राणी मेरी लॉखलेव्हन बेटावरच्या किल्ल्यात कैदेत होती. नुकताच तिचा गर्भपात झाला होता. सरदारांनी पुढे केलेल्या कागदांवर तिनं २४ जुलै १५६७ रोजी सह्या केल्या आणि मुकुट ‘डिमिट’ केला, तोही जेमतेम तेरा महिन्यांच्या मुलाच्या नावे. कागद सांगत होता, की राणी हे स्वेच्छेनं करते आहे. पाचच दिवसांत त्या बाळाचा राज्याभिषेक झाला. पुढच्या मे महिन्यात मेरी किल्ल्यातून निसटली आणि तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर तो त्याग आपल्याकडून जबरदस्तीनं घेतला होता, असं सांगून तो नाकारला. मग ते ‘डिमिट’ होतं की ‘डिसमिस’? आमच्या मते दुसरंच. कैद्याची सही ही संमती नव्हे.

आपला ‘राजीनामा’ इथे जास्त प्रामाणिक आहे बरं का. राजी अधिक नामा, म्हणजे ‘मी राजी आहे’ असं सांगणारा कागद. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा, ती घेणारा कबुलायत. संमती शब्दातच बसवलेली! तरीही ‘साहेबांनी राजीनामा मागितला’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. राजी असणं मागून कसं मिळणार, हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही.

राहिले आपले न्यायमूर्ती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५ वर्षं पूर्ण होताच पदमुक्त होतात. त्यात त्यांनी काही सोडलेलं नसतं, कोणी त्यांना काढलेलंही नसतं. मुदत संपलेली असते. तिथे ‘रिटायर’च योग्य, असं आम्हाला वाटतं. ‘डिमिट’ भारदस्त आहे खरा, पण पद का सुटलं ते तो सांगत नाही. मधेच स्वेच्छेनं पद सोडायचं झालं तर घटनेच्या कलम १२४ मध्ये साधा ‘रिझाइन’ आहे, आणि तोही न्यायाधीशानं स्वतःच्या सहीनं राष्ट्रपतींना लिहून करायचा.