पाण्याच्या मागाने मुक्काम : येलदरी ते सिंदखेडराजा

तंबू, अंथरुणे आणि शिधा गाडीत भरून मुलाबाळांसह चार दिवस भटकण्याला आज 'कॅम्पिंग' म्हटले जात असले, तरी बैलगाडी जुंपून यात्रेला निघणारी आणि वाटेतल्या विहिरीकाठी तीन दगडांची चूल मांडणारी कुटुंबे मराठवाड्याने पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. त्या प्रवासात मुक्काम कुठे पडायचा हे पाणी ठरवत असे. आणि जुनी देवळे, बारवा व गढ्याही पाण्याच्याच आधाराने उभ्या राहिल्या असल्यामुळे, पाण्याचा माग काढत निघालेल्या कुटुंबाला इतिहास वेगळा शोधावा लागत नाही. परभणी जिल्ह्यातील येलदरीपासून चारठाणा, लोणार आणि सिंदखेडराजा असा मार्ग धरला, तर याचा प्रत्यय येतो.

येलदरीचे धरण जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर असून ते 1968 साली पूर्ण झाले. (ही पूर्णा गोदावरीला मिळणारी, विदर्भातून तापीकडे जाणारी तिची नामसखी निराळी.) धरणाच्या पायथ्याशी 22.5 मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, आणि वीज निर्माण करून सोडलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडवले जाते. वीजनिर्मिती सुरू होताच धरणाखालचे पात्र पाहता पाहता भरू शकते. म्हणून तिथली कोरडी वाळू कितीही मऊ दिसली, तरी ती तंबूची जागा नव्हे. जलाशयाच्या वरच्या अंगाला, म्हणजे साठलेले पाणी जिथवर पसरते त्या फुगवट्याच्या काठी, अडचण उलट असते. हिवाळ्यानंतर पाणी मागे सरकते, उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी पिके घेतात, ज्याला 'गाळपेर' म्हणतात, आणि डिसेंबरात पाण्याला लागून असलेली जागा एप्रिलमध्ये पाण्यापासून पार दूर पडलेली असते. त्यात काळ्या मातीचा स्वभाव असा, की ओली असताना ती चाक धरून ठेवते आणि वाळून भेगाळली की तंबूची खुंटी धरत नाही; त्यामुळे थोडी उंचावरची मुरमाड जागा पाहून, पाटबंधारे खात्याची किंवा शेतमालकाची परवानगी घेऊनच तंबू ठोकणे शहाणपणाचे. ऋतू म्हणाल तर हुरड्याचा. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळली, की मुलांना वेगळा खाऊ लागत नाही.

जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैन गुंफा आहेत, त्या पाहून पुढे चारठाण्याला जाता येते. या गावातील मंदिरे हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. म्हणजे चुन्याचा वापर न करता, घडवलेले दगड एकमेकांत खाचा पाडून बसवलेली. यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली असली, तरी अशी बांधणी त्याच्या आधीपासून होत होती, त्यामुळे नावावरून काळ ठरवण्याची घाई करू नये. इथला उंच कोरीव दगडी स्तंभ आणि पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत नेणारी विहीर, म्हणजे बारव, ही दोन्ही निवांतपणे पाहावीत अशी आहेत.

लोणारला मात्र पाणीच कोडे घालते. बेसाल्ट या काळ्या ज्वालामुखीय खडकावर उल्का आदळून झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात खारट व अल्कधर्मी सरोवर आहे, आणि त्याच विवराच्या कडेला गोड्या पाण्याचा झरा आहे. 2020 च्या जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झाले होते. त्याच वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला. विवराचा परिसर अभयारण्य असून वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आग पेटवता येत नाही, म्हणजे चूल नाही आणि शेकोटीही नाही; तेव्हा रात्रीचा मुक्काम गावात करून विवरात सकाळी उतरावे. गावातील दैत्यसूदन मंदिर मात्र चुकवू नये.

सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मगाव. लखुजी जाधवांचा राजवाडा पाहायला सगळे जातात, परंतु गावाची खरी श्रीमंती मोती तलाव आणि मूर्तींनी सजलेली पुतळा बारव यांत आहे. 12 जानेवारीला, म्हणजे जिजाऊ जयंतीला, इथे प्रचंड गर्दी लोटते. बारवेच्या पायरीवर बसून मुलांना एकेक मूर्ती दाखवायची असेल, तर तो दिवस टाळून यावे.