कागदाआधीची भूमिती

महिपतींच्या ‘भक्तविजया’त विठ्ठल आपला शेला आणि पदक जनाबाईकडे विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळात परततो. आळ अर्थातच जनाबाईवर येतो. ही जनाबाई गंगाखेडची, म्हणजे परभणी जिल्ह्यातली. कथेत वाकळ, म्हणजे गोधडी, येते ती गरिबीची खूण म्हणून. तिच्यावर ठिगळं कशी मांडली होती, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. परभणीचा मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा. पण गोधडीत कापूस नसतो. तो पिंजाऱ्याकडून गादीत जातो. गोधडीत खाली एक लुगडं, मध्ये विटलेल्या धोतर-लुगड्यांचे थर आणि वर ठिगळं. धावदोरा काठापासून निघतो आणि चारी बाजूंनी फिरत आत आत सरकतो; चौकोनात चौकोन उमटत जातात. ठिगळाची कड दुमडायची आणि त्याच टाक्यात सगळे थर घ्यायचे, त्यामुळे मापातला फरक दुमडीत जिरतो. सुती कापड फाडलं की धाग्याच्या रेषेत फाटतं, म्हणून चौकोन हाती येतो; तो कर्णावर कापला की दोन त्रिकोण. नक्षी आखायला कागद लागतोच कुठे?

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या. पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या तिथे पोचल्या. तोही कापसाचाच मुलूख, आणि गोधड्या कामावर झिजलेल्या कपड्यांच्या. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं. भिंतीवर टांगल्यावरच नक्षी दिसावी, हे मला जरा खटकतं. पण दिसली हे बरंच झालं.

आता अडचण वेगळीच आहे. सुती लुगडी सरत आली. ट्रंकेतून निघतात त्या पॉलिस्टरच्या साड्या. त्या एकमेकींवरून घसरतात, घाम शोषत नाहीत. मग सुती कापड विकत आणावं लागतं, आणि विकतच्या कापडाला कात्री लावायची तर हिशेब आधी हवा. इथे चौकटीची वही कामाला येते.

वहीतल्या चित्रात एक घर चार इंचांचं धरलं असेल तर कापड साडेचार इंचांचं कापायचं, दोन्हीकडे पाव इंच शिवण. त्रिकोणाला एवढ्यावर भागत नाही. पावणेपाच इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असा चौकोन घेऊन तो कर्णावर कापायचा. तिरकी कड ओढली की ताणते, म्हणून इस्त्री फिरवायची नाही, नुसती दाबायची. दर शिवणीला अर्धा सूत हुकला तर बारा शिवणींत पाऊण इंच जातो, आणि रांगा जुळत नाहीत. जुन्या गोधडीला ही भीती नव्हती, कारण तिथे तुकडे आधी एकमेकांना जोडायचेच नसत.

अशा नव्या कागदी आराखड्यांवर बहुतेक वेळा ठिगळंच रंगवलेली असतात, टाका नंतरचा समजून सोडलेला. मला हे उलटं वाटतं. आधी पेन्सिलीने काठापासून आत जाणाऱ्या टाक्याच्या रेषा आखाव्यात, बोटभर अंतरावर. मग त्या रेषांना धरून गडद आणि फिके तुकडे भरावेत. मधला शेवटचा चौकोन किती उरतो हे तेव्हाच कळतं, आणि तो वेडावाकडा उरत असेल तर कापड कापण्याआधी खोडरबर पुरतं.